पहिल्याच पानावरचं उत्तर

मूल हरवल्याच्या कादंबरीत पन्नासाव्या पानापर्यंत आईवर संशय यावाच लागतो. बापावर आला तरी चालतं, पण आई असली की पुस्तक जास्त खपतं. सुरुवात ठरलेली. पाळणा रिकामा, खिडकी सताड उघडी, दारात पोलीस. मग लेखक एकेक खडा टाकत जातो. पोलिसांना फोन करायला हिने एवढा वेळ का लावला? शेजारीण म्हणते, त्या रात्री भांडण ऐकू आलं होतं. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी कसल्याशा गोळ्या दिल्या होत्या, हे नवरा पोलिसांना सांगून मोकळा होतो आणि बायकोला मात्र त्याचा पत्ता नसतो. आणि सगळ्यात हुकमी खडा: कॅमेऱ्यासमोर ती रडली नाही.

मला या कादंबऱ्या आवडतात, हे आधीच सांगून टाकते. इंग्रजीतल्या, आणि आता मराठीत ज्यांचे धडाधड अनुवाद येतात त्याही. प्रवासात असं एक पुस्तक हाताशी असलं की गाडी चार तास उशिरा सुटली तरी माझी तक्रार नसते. चांगला लेखक आपल्याला तपास अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवतो आणि त्या आईच्या प्रत्येक हालचालीकडे बघायला लावतो. ती चहा पिते. एवढं झालं आणि हिला चहा जातो? ती बाळाचे कपडे धुवायला टाकते. का बरं? वाचणाऱ्याला पानापानावर संशयाची चटक लागते आणि लेखकाचं काम फत्ते होतं.

या प्रकाराचा एक अलिखित नियम आहे. आईने पहिल्या पानावर जे सांगितलं ते खरं असता कामा नये. खरं असेल तर उरलेली तीनशे पानं कशासाठी? ती ओरडत आली, ‘बाळाला अमक्याने नेलं’, आणि शेवटच्या प्रकरणात तेच निघालं, तर वाचक पुस्तक भिंतीवर फेकून मारील.

ऑस्ट्रेलियातल्या एका आईने १९८० साली पहिल्याच मिनिटाला उत्तर सांगितलं होतं. ते बरोबर होतं. सरकारी कागदावर ते पक्कं व्हायला ३२ वर्षं गेली. अझारिया चेंबरलेनच्या त्या प्रकरणाबद्दल वाचायला लागल्यापासून या कादंबऱ्या मी जरा वेगळ्या नजरेने वाचते.

जागा उलुरूची. तेव्हा नकाशावर त्याचं नाव एअर्स रॉक असं होतं. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला तो तांबडा, एकसंध, अवाढव्य खडक. १७ ऑगस्ट १९८०, रविवारची रात्र. आपल्याकडे श्रावण-भाद्रपद, तिकडे ऐन हिवाळा. लिंडी चेंबरलेन, तिचा नवरा मायकल, सहा वर्षांचा एडन, चार वर्षांचा रेगन आणि जेमतेम नऊ आठवड्यांची अझारिया असं कुटुंब तंबू ठोकून उतरलं होतं. मायकल सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा धर्मोपदेशक; राहायला क्वीन्सलँडमधल्या माऊंट आयझा या खाणीच्या गावी. आठच्या सुमाराला सगळे जेवणाच्या शेगडीपाशी गप्पा मारत होते. बाळ झोपलं म्हणून लिंडी त्याला तंबूत ठेवायला गेली. धाकटा रेगन आत आधीच झोपला होता, थोरला एडन तिच्याबरोबर होता. त्याला अजून भूक होती, म्हणून तिने शेजारीच उभ्या असलेल्या गाडीतून बीन्सचा एक डबा काढला आणि दोघं शेगडीपाशी परत आली. या सगळ्याला पाच ते दहा मिनिटं लागली असतील.

हा बीन्सचा डबा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण पुढे सरकारी वकिलांची जी गोष्ट उभी राहिली, तिच्यात त्याच पाच-दहा मिनिटांत या बाईने पोटच्या पोरीला गाडीच्या पुढच्या सीटवर नेलं, कात्रीसारख्या कशाने तरी तिचा गळा कापला, देह नवऱ्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत दडवला, रक्त पुसलं, आणि मग डबा हातात घेऊन थोरल्या लेकाबरोबर शेगडीपाशी येऊन गप्पांत बसली.

खरं घडलं ते असं. थोड्या वेळाने तंबूकडून बाळाचं रडणं आल्यासारखं वाटलं. मायकलला वाटलं, आणि शेजारच्या तंबूतल्या बाईलाही. लिंडी बघायला गेली. तंबूतून एक डिंगो, तिकडचा रानकुत्रा, मान हलवत बाहेर पडताना तिला दिसला. ती ओरडली, डिंगोने माझं बाळ नेलं! त्या रात्री तीनशेच्या आसपास माणसं बॅटऱ्या घेऊन, साखळी करून वाळवंट तुडवत होती. त्या भागातले मूळ रहिवासी असलेल्या अनांगू लोकांतले मागकाढे बोलावले. पिढ्यान्‌पिढ्या वाळूवरचे ठसे वाचणारी ही माणसं. त्यांना तंबूजवळ डिंगोचे ठसे दिसले, काहीतरी ओढत नेल्याच्या खुणा दिसल्या. एका ठिकाणी जनावराने तोंडातलं ओझं खाली टेकवलं होतं आणि तिथे वाळूत विणलेल्या कापडाची नक्षी उमटली होती. तिथला मुख्य वनरक्षक डेरेक रॉफ. त्याने तर आधीच वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की डिंगो माणसांना भ्यायचे थांबलेत, लहान मुलांना धोका आहे.

त्या रात्री तिथे असलेल्या बहुतेकांचा तिच्यावर विश्वास होता. संशय जन्माला आला तो तिथून शेकडो मैल लांब, बैठकीच्या खोल्यांत, टीव्हीसमोर.

बाळाचे कपडे आठवड्याने चारेक किलोमीटरवर सापडले. जंपसूट, बनियन, लंगोट, आणि जंपसूटच्या पायांत तसेच राहिलेले पायमोजे. एवढे शाबूत कसे? जनावर बटणं काढतं का? लिंडी पहिल्यापासून सांगत होती की जंपसूटवरून बाळाच्या अंगात आणखी एक विणलेलं पांढरं जाकीट होतं, कडेला फिकट लिंबू रंगाची पट्टी असलेलं. ते काही मिळालं नव्हतं. त्यामुळे लोक म्हणाले, जाकीट नव्हतंच. कपड्यावर जनावराची लाळ का नाही, याला उत्तर देण्यासाठी हिने रचलेलं आहे ते.

मग अफवा. अझारिया या नावाचा अर्थ म्हणे ‘वाळवंटातला बळी’. तसा काही अर्थ नाही. मूळ हिब्रू नावात देवाच्या मदतीचा अर्थ आहे. आईने बाळाला काळा झगा शिवला होता. हे खरं होतं, पण बाळाला काळा झगा घालणं हा कुठल्या दंडविधानातला गुन्हा, ते कुणी सांगितलं नाही. नवरा-बायको कुठल्यातरी विचित्र पंथाचे. दोनच वर्षांपूर्वी, १९७८ मध्ये, जोन्सटाउनला एका पंथाच्या नऊशेहून अधिक माणसांचा सामुदायिक मृत्यू झाला होता, त्यामुळे ‘पंथ’ या शब्दाचाच लोकांनी धसका घेतला होता. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बाई रडत नव्हती. मुलाखतीत शांतपणे बोलायची, देवाच्या इच्छेचं नाव घ्यायची, डिंगो कपड्यातून मांस कसं बाहेर काढतो हेसुद्धा सांगायची.

डोळ्यातून टिपूस गाळलं नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, तुम्हीही ऐकलं असेल. आमचे मामा गेले तेव्हा मामी स्वयंपाकघरात उभ्या राहून दूधवाल्याला सांगत होत्या, उद्या दोन लिटर जास्त टाक, आणि चार दिवस तसंच. मग त्यांनी गॅसचा नॉब बंद आहे ना ते पाहिलं, ओट्यावरचं फडकं पिळून दांडीवर वाळत घातलं, पदर सारखा करून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. बाहेरच्या खोलीत कुजबुज चालूच होती. बाईचं काळीज दगडाचं आहे हो. दुसरी म्हणाली, दगडाचं कसलं, सुटली म्हणत असेल. मामी पुढे वर्षभर रात्री झोपल्या नाहीत, हे फक्त त्यांच्या सुनेला माहीत. सुतकाच्या घरी येणाऱ्यांना कसं रडायचं याचा एक आराखडा ठाऊक असतो आणि तो पाळला नाही तर माणूस नापास. मामींना नापास करून लोक पिठलं-भात जेवून घरी गेले. लिंडी चेंबरलेनला नापास करायला आख्खा देश बसला होता.

पहिल्या चौकशीने तिला सोडलं होतं खरं. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. मुंबईतही १९९९ पर्यंत हे पद होतं. ॲलिस स्प्रिंग्जचे कॉरोनर डेनिस बॅरिट यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये आपला निष्कर्ष थेट टीव्हीवरून वाचून दाखवला. बाळ डिंगोने नेलं, आई-बाप निर्दोष. अफवांना चाप बसावा म्हणून कॅमेरे आत घेतले होते. पण निकालात एक शेपूट होतं: नंतर कुणीतरी त्या कपड्यांना हात लावला असावा. पोलिसांना तेवढं पुरलं.

आता विज्ञान आलं. लंडनचे एक नामांकित न्यायवैद्यक प्राध्यापक म्हणाले, कॉलर दाताने फाटलेली नाही, कापलेली आहे, आणि कपड्यावर रक्ताळलेल्या हाताचा ठसा दिसतो. चेंबरलेनांच्या पिवळ्या टोराना गाडीची कसून तपासणी झाली. डॅशबोर्डच्या खाली फवारा उडाल्यासारखे डाग होते. प्रयोगशाळेने सांगितलं, हे अर्भकाचं रक्त. नवजात बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोठ्या माणसांपेक्षा वेगळं असतं, त्यावरून. पहिली चौकशी रद्द झाली, दुसरी झाली, आणि सप्टेंबर १९८२ मध्ये डार्विनला खटला उभा राहिला. लिंडी तेव्हा पुन्हा गरोदर होती.

कादंबरी म्हणून या खटल्याकडे पाहिलं तर कुठलाही संपादक हस्तलिखित साभार परत करील. देह नाही. हत्यार नाही. हेतू नाही, सरकारी पक्षाने सांगूनच टाकलं की हेतू सिद्ध करायला आम्ही बांधलेले नाही. आई परत आल्यानंतर बाळाचं रडणं ऐकलं, असं शपथेवर सांगणारी साक्षीदार आहे, आणि ती बिचारी त्या कुटुंबाला आदल्या दिवशी ओळखतही नव्हती. पण ज्यूरीत नऊ पुरुष आणि तीन बायका होत्या, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात एक बाई होती जी कधी कोरडी वाटे, कधी चिडून उत्तर देई, रोज कपडे बदलून येई आणि त्या कपड्यांची वर्णनं वर्तमानपत्रांत छापून येत. २९ ऑक्टोबर १९८२ ला निकाल लागला. खुनाबद्दल जन्मठेप, सक्तमजुरीसह. मायकलला खून लपवण्याबद्दल दोषी धरलं, पण त्याची शिक्षा स्थगित ठेवली. नोव्हेंबरमध्ये लिंडीला मुलगी झाली आणि काही तासांतच ती तिच्याकडून काढून घेतली. वरच्या न्यायालयांनी अपील फेटाळलं. हायकोर्टात, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च न्यायालयात, दोन न्यायाधीश तिच्या बाजूचे होते आणि तीन विरुद्ध.

पुढचा भाग लेखकाने लिहिला असता तर मी म्हटलं असतं, योगायोग फार झाला. जानेवारी १९८६ मध्ये एक इंग्रज पर्यटक उलुरूवरून पडून मेला. त्याचा देह शोधणाऱ्यांना खडकाच्या पायथ्याशी, डिंगोंच्या बिळांच्या परिसरात, वाळूत अर्धवट पुरलेलं एक विणलेलं जाकीट मिळालं. पांढरं. कडेला लिंबू रंगाची पट्टी. पाच दिवसांत लिंडी तुरुंगाबाहेर होती. तीन वर्षांहून जास्त काळ आत काढला होता तिने. तो माणूस दुसऱ्या बाजूने घसरला असता तर ती अजून किती वर्षं आत राहिली असती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

न्यायमूर्ती मॉर्लिंग यांचा चौकशी आयोग बसला आणि विज्ञानाचे एकेक धागे उसवले. डॅशबोर्डखालचा तो रक्ताचा फवारा म्हणजे गाडीचा आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यातच मारलेल्या रसायनाचा फवारा होता. तशाच दुसऱ्या गाड्यांतही तो सापडला. ज्या चाचणीवर सगळी भिस्त होती तिच्या काचपट्ट्या प्रयोगशाळेने नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे केव्हाच टाकून दिल्या होत्या, त्यामुळे बचाव पक्षाला त्या फेरतपासता आल्याच नव्हत्या. ‘रक्ताळलेला हात’ बराचसा तांबड्या वाळूचा निघाला. सप्टेंबर १९८८ मध्ये दोघांची शिक्षा रद्द झाली, १९९२ मध्ये १३ लाख डॉलर भरपाई मिळाली. लग्न तोवर मोडलं होतं. १९९५ च्या तिसऱ्या चौकशीने मात्र मृत्यूचं कारण मोकळंच ठेवलं. मग २००१ मध्ये क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर डिंगोंनी ९ वर्षांच्या मुलाला मारलं, आणि डिंगो असं करत नाहीत म्हणणाऱ्यांचा आवाज खाली आला. १२ जून २०१२ ला चौथ्या चौकशीत कॉरोनर एलिझाबेथ मॉरिस यांनी निर्णय दिला: अझारिया डिंगोच्या हल्ल्यात मेली. निर्णय वाचताना त्यांचा कंठ दाटला, त्यांनी आई-बापाला सांत्वनाचे शब्द सांगितले, आणि मृत्यूचा दाखला दुरुस्त झाला. मायकल २०१७ मध्ये वारला. निदान दाखला बघून गेला.

आता एक गोष्ट मला सतत टोचते. आमच्याकडे जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याने अंगणातून मूल उचलल्याच्या बातम्या येतात. तिथे आईच्या डोळ्यात पाणी आहे की नाही हे बघत कुणी बसत नाही. गाव वनखात्यावर धावून जातं, रस्ता अडवतं, पिंजरा कधी लावणार म्हणून विचारतं. कारण बिबट्या काय करतो हे त्या गावाला माहीत असतं. उलुरूच्या पायथ्याशीही हे माहीत असणारी माणसं होती. अनांगूंना डिंगो माहीत होता, रॉफला माहीत होता. पण सिडनी-मेलबर्नच्या माणसाला डिंगो म्हणजे लाजरं रानकुत्रं, आणि लंडनच्या प्राध्यापकाला तर कदाचित तेवढंही नाही. ज्याने वाळूवरचा ठसा पाहिला त्याच्यापेक्षा ज्याने हजारो मैलांवर फोटो पाहिला त्याचं वजन जास्त पडलं. मागकाढ्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं ते मॉर्लिंग आयोगाने, तेही सहा वर्षांनी.

आपलं पारडं फार जड आहे असं समजायचं कारण नाही. नोएडाचं २००८ चं प्रकरण आठवा. चौदाएक वर्षांची मुलगी घरात मारली गेली, आधी गायब नोकरावर संशय, दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह गच्चीवर, मग आई-बाप. आईने टीव्हीवर मुलाखत दिली आणि घराघरांत तोच शेरा: बघा, रडली का? खालच्या कोर्टाने २०१३ मध्ये आई-बापाला दोषी ठरवलं, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सोडलं. त्या रात्री त्या घरात काय झालं, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तेव्हाच्या बातम्यांचा सूर थेट थ्रिलरमधून उचललेला होता. संशयिताचे फोटो, बाण, लाल वर्तुळं, पार्श्वसंगीत.

डिंगोच्या त्या आकांताचं तर पुढे अमेरिकन विनोदी मालिकांत चुटका म्हणून सोनं झालं. माझ्या भाचीला तो चुटका ऑस्ट्रेलियन उच्चारांसकट पाठ आहे. बाळाचं नाव तिला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

कादंबरी मुळात खोटी असते आणि तिच्यातली आई कागदाची, तिच्यावर संशय घेतल्याने कुणाचं बाळ हिरावून घेतलं जात नाही. म्हणून मी या पुस्तकांवर रागवायला तयार नाही, आणि वाचायची सोडणारही नाही. फक्त आताशा मी आईऐवजी तिच्याकडे बघणाऱ्यांकडे बघत वाचते. त्याने मजा कमी होत नाही, उलट वेगळाच माल हाताला लागतो. शेजारणीने आवाज ऐकला तेव्हा ती कुठे उभी होती? तज्ज्ञाने जो नमुना तपासला तो आता कुठे आहे? इन्स्पेक्टरला पहिल्या भेटीत बाई आवडली नाही, त्यानंतर त्याने दुसऱ्या कुणाला किती वेळा बोलावलं? बहुतेक लेखकांनी याची उत्तरं तयारच ठेवलेली नसतात. परवा संपवलेल्या एका जाडजूड थ्रिलरमध्ये आख्खा संशय एका दुधाच्या बाटलीवर उभा होता: ती रात्री भरलेली होती आणि सकाळी रिकामी. रिकामी पाहिली ती सासूने. भरलेली पाहिली तीही सासूनेच. चारशे पानांत एकाही पोलिसाला त्या म्हातारीचा चष्म्याचा नंबर विचारावासा वाटला नाही.